बुद्धिबळाच्या पटावरील दाणे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या समारंभात शिक्षणाचे महत्त्व सांगण्याचा प्रघात आहे. ते महत्त्व आपणांस पटलेले आहे, म्हणूनच आपण कामेधामे बाजूला ठेवून येथे आला आहात. तेव्हा त्याची उजळणी करण्यात मी आपला वेळ घेत नाही. आज मी फक्त एका संख्येविषयी बोलणार आहे. ती अशी :

१८४४६७४४०७३७०९५५१६१५

ही संख्या वीस अंकी आहे. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ अशी दिसते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ या ग्रंथात एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली संख्या त्या शेवटच्या नावालाही मागे टाकते. ती १८४ परार्धांहून मोठी आहे.

एवढी मोठी संख्या पाहिली की आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात पहिला विचार येतो, “हे काही आपले काम नाही.” मुलाला उदाहरण सुटले नाही की घरात हेच वाक्य थोड्या वेगळ्या शब्दांत ऐकू येते. “आमच्या घराण्यात कुणाला गणित आले नाही, याला कुठून येणार?” मुलीच्या बाबतीत तर, “तिला गणित काय करायचे आहे?” असे म्हणून विषयच मिटवला जातो. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की, या वीस अंकी संख्येचे पोट उघडून पाहायला पाचवीपर्यंतचे पाढे, नववीचे बीजगणित आणि थोडा धीर एवढीच शिदोरी पुरते. ते कसे, हे आता पाहू.

हिशेबनिसाचा कागद

ही संख्या कुठून आली, त्याची गोष्ट आपण ऐकली असेल. बुद्धिबळाचा खेळ शोधणाऱ्या माणसावर राजा खूश झाला आणि म्हणाला, “हवे ते माग.” त्याने मागितले ते असे : पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत चौसष्टाव्या घरापर्यंत जावे आणि ते सारे दाणे मला द्यावेत. राजाला हे मागणे क्षुल्लक वाटले. पुढे कोठीवाल्याने हिशेब केला तेव्हा राज्यातले सारे धान्य अपुरे पडले.

ही नुसती गोष्ट आहे, इतिहास नव्हे. पण ती ज्यांनी लिहून ठेवली त्यांच्यापैकी एक जण फार मोठा विद्वान होता. इब्न खल्लिकान यांचा जन्म इ. स. १२११ चा आणि मृत्यू १२८२ चा. ते दमास्कसचे काझी होते आणि नामांकित व्यक्तींच्या चरित्रांचा त्यांचा कोश प्रसिद्ध आहे. अस-सूली नावाच्या एका निष्णात बुद्धिबळपटूचे चरित्र देताना ते सांगतात की, लोक या सूलीलाच खेळाचा जनक समजतात, परंतु ते खरे नाही. हा खेळ हिंदुस्थानातल्या सिस्सा नावाच्या माणसाने आपल्या राजासाठी शोधला. खेळाचे मूळ हिंदुस्थानात, ही गोष्ट संशोधकही मान्य करतात. आपले चतुरंग इराणात चतरंग झाले, अरबांकडे शतरंज झाले, आणि आपण मराठीत आजही ‘शह’ आणि ‘मात’ म्हणतो ते शब्द फारसीच्या वाटेने परत आले.

यापुढे इब्न खल्लिकान जे लिहितात ते मला गोष्टीपेक्षाही मोलाचे वाटते. ते म्हणतात, दाण्यांची रास एवढी मोठी होत असेल यावर माझा विश्वास बसेना. मग त्यांना अलेक्झांड्रियाचा एक हिशेबनीस भेटला. त्याने कागद काढला आणि सोळाव्या घरापर्यंत दुप्पट करीत गेला. सोळाव्या घरात ३२,७६८ दाणे आले. तो म्हणाला, एवढे दाणे म्हणजे एक कदह. कदह हे तिकडचे धान्याचे लहान माप. इब्न खल्लिकान यांनी त्याचीही पडताळणी केली आणि ते बरोबर निघाले. पुढे त्याने दाणे मोजणे सोडले आणि मापे मोजली. विसाव्या घरात १६ कदह, म्हणजे एक वैबा. सहा वैबांचा एक इरदब. चाळिसाव्या घरात १,७४,७६२ पूर्णांक दोन तृतीयांश इरदब झाले. त्याने म्हटले, ही एक कोठी समजू. पन्नासाव्या घरात अशा १,०२४ कोठ्या झाल्या. एवढ्या कोठ्या असलेले ते एक शहर समजू. चौसष्टाव्या घरात अशी १६,३८४ शहरे झाली. आणि जगात एवढी शहरे तरी आहेत का, असे त्याने विचारले.

पालकहो, येथे क्षणभर थांबा. एवढा मोठा विद्वान, काझीच्या पदावरचा माणूस, एका सामान्य हिशेबनिसाजवळ बसतो, शंका विचारतो, पायरी पायरीने समजून घेतो आणि ही हकीकत आपल्या ग्रंथात नमूद करतो. आणि तो हिशेबनीसही “मी सांगतो म्हणून खरे” असे म्हणत नाही. मोठी संख्या पेलत नाही म्हटल्यावर तो माप बदलतो. गणित शिकवण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

तीच रीत आपण आपल्या मापांनी वापरू. गव्हाच्या एक हजार दाण्यांचे वजन सुमारे ४० ग्रॅम भरते. पटाच्या पहिल्या ओळीत, म्हणजे आठ घरांत, एकूण २५५ दाणे येतात, सुमारे दहा ग्रॅम. दोन ओळींत ६५,५३५ दाणे, म्हणजे अडीच किलोच्या थोडे वर. तीन ओळींत १,६७,७७,२१५ दाणे, म्हणजे पावणेसात क्विंटलच्या आसपास. चार ओळी, अर्थात अर्धा पट भरला की ४,२९,४९,६७,२९५ दाणे, म्हणजे सुमारे १७२ टन. दहा टनी सतरा-अठरा ट्रक. इथपर्यंत एखादा बरा व्यापारीही देऊ शकेल. राजा फसला तो उरलेल्या अर्ध्या पटावर. सबंध पटाचा गहू सुमारे ७३,८०० कोटी टन भरतो. आज साऱ्या जगात वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे जगाचे नऊशे वर्षांहून अधिक काळाचे पीक त्या एका पटावर ठेवावे लागेल.

चार गुणाकारांत चौसष्ट घरे

ही बेरीज करण्यासाठी चौसष्ट संख्या एकाखाली एक मांडाव्या लागतात काय? मुळीच नाही. अबू रैहान अल-बिरूनी यांनी सुमारे इ. स. १००० मध्ये, म्हणजे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास, ‘अल-आसार अल-बाकिया’ हा ग्रंथ लिहिला. त्यात हा हिशेब आहे. हेच अल-बिरूनी पुढे हिंदुस्थानात आले, संस्कृत शिकले आणि त्यांनी हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. त्यांनी दोन साधे नियम सांगितले.

पहिला नियम : कोणत्याही घरातल्या संख्येचा वर्ग केला की, पहिल्या घरापासून ते घर जितके दूर आहे तितकेच आणखी पुढे असलेल्या घराची संख्या मिळते. पाचव्या घरात १६ दाणे आहेत. पाचवे घर पहिल्यापासून चार घरे दूर. १६ चा वर्ग २५६, आणि पाचव्यापासून आणखी चार घरे पुढे, म्हणजे नवव्या घरात, २५६ दाणेच आहेत. २५६ चा वर्ग ६५,५३६ ही सतराव्या घराची संख्या. तिचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६ ही तेहेतिसाव्या घराची. तिचा वर्ग पासष्टाव्या घराची.

दुसरा नियम : कोणत्याही घराच्या आधीच्या सर्व घरांची बेरीज त्या घरातल्या संख्येपेक्षा बरोबर एकाने कमी असते. १ + २ = ३, पुढच्या घरात ४. १ + २ + ४ = ७, पुढच्या घरात ८. असेच शेवटपर्यंत.

पटावर पासष्टावे घर नाही. पण ते आहे असे समजू, त्यातली संख्या काढू आणि तीतून एक वजा करू. चौसष्ट घरांची बेरीज हाती येते. त्रेसष्ट वेळा दुप्पट आणि मग एवढी मोठी बेरीज करण्याऐवजी फक्त चार गुणाकार आणि एक वजाबाकी! विद्यार्थी मित्रांनो, आळसाने केलेली पळवाट वेगळी आणि विचाराने शोधलेली जवळची वाट वेगळी. गाईडमधले उत्तर उतरवणे ही पहिली, अल-बिरूनींची ही दुसरी.

संख्येचे अवयव

आता ही संख्या फोडू. तिचा शेवटचा अंक ५ आहे, म्हणजे तिला ५ ने भाग जातो. तिच्या सर्व अंकांची बेरीज करा. ती ८७ येते. ८७ ला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. म्हणजे संख्येलाही ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. एवढे सहावीतला मुलगाही सांगेल. पुढचे अवयव शोधायला मात्र पटाचाच आधार घेऊ.

पहिली दोन घरे घ्या. १ + २ = ३. पुढची दोन घरे ४ + ८ = १२, म्हणजे पहिल्या दोहोंच्या चौपट. तेव्हा चार घरांत एकदा ३ आणि चार वेळा ३, एकूण पाच वेळा ३ झाले. ३ × ५ = १५. पुढची चार घरे या चार घरांच्या सोळा पट आहेत, म्हणून पहिली ओळ १५ च्या सतरा पट. १५ × १७ = २५५. दुसरी ओळ पहिलीच्या २५६ पट, म्हणून दोन ओळी २५५ × २५७ = ६५,५३५. पुढच्या दोन ओळी या दोन ओळींच्या ६५,५३६ पट, म्हणून अर्धा पट ६५,५३५ × ६५,५३७ = ४,२९,४९,६७,२९५. आणि खालचा अर्धा पट वरच्या अर्ध्याच्या ४,२९,४९,६७,२९६ पट. म्हणजे आपली मूळची वीस अंकी संख्या अशी झाली :

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

यातल्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या मूळ संख्या आहेत. म्हणजे त्यांना १ आणि ती संख्या स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेही भाग जात नाही. प्रश्न राहतो शेवटच्या संख्येचा. ४,२९,४९,६७,२९७ ही मूळ आहे की नाही?

फ्रान्समधील तुलूझ शहरात फर्मा नावाचे एक न्यायाधिकारी होते. दिवसा कायद्याचे काम आणि फुरसतीत गणित, असा त्यांचा क्रम होता, आणि तरीही त्या काळच्या थोर गणितज्ञांत त्यांची गणना होते. १६४० च्या सुमारास त्यांनी पत्रांतून कळवले की, या पद्धतीने मिळणाऱ्या सर्वच संख्या मूळ असाव्यात. त्यांच्याजवळ पूर्ण सिद्धता नव्हती, परंतु विश्वास होता. फर्मांसारख्या माणसाचे मत खोडून काढणार कोण? पुढील जवळजवळ शंभर वर्षे ते तसेच राहिले.

१७३२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे असलेल्या ऑयलर या पंचवीस वर्षांच्या तरुणाने त्याची तपासणी केली. सरळ मार्गाने जायचे तर ६५,५३६ च्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावा लागला असता. अशा मूळ संख्या ६,५४२ आहेत. ऑयलरने सिद्ध केलेला नियम असा की, या दहा अंकी संख्येला ज्या मूळ संख्येने भाग जाईल, तिला ६४ ने भागले असता बाकी १ च उरली पाहिजे. अशा संख्या लिहू : ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांपैकी मूळ संख्या पाचच : १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पहिल्या चारांनी भाग जात नाही. पाचवीने भाग निःशेष जातो!

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

फर्मांचे मत चुकीचे ठरले. यामुळे फर्मांचा मोठेपणा कमी झाला नाही आणि ऑयलरलाही कोणी उद्धट म्हटले नाही. विद्येच्या प्रांतात वडीलधाऱ्यांचा आदर आणि त्यांच्या विधानाची तपासणी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालतात.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी भागाकार न करता ही गोष्ट सिद्ध करण्याची एक सुंदर रीत सांगतो. ती नंतरच्या गणितज्ञांनी बसवली. वही काढा. ६४१ म्हणजे ६२५ + १६. या बेरजेला २ च्या अठ्ठाविसाव्या घाताने गुणा. गुणाकाराला अर्थातच ६४१ ने भाग जाणार. त्याचे दोन भाग होतात : एक, ६२५ गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात, आणि दुसरा, १६ गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात, म्हणजेच २ चा बत्तिसावा घात. ही झाली पहिली संख्या.

आता ६४० घ्या. ६४० म्हणजे ५ × १२८, आणि १२८ हा २ चा सातवा घात. म्हणून ६४० चा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात. बीजगणितात आपण शिकतो की, क्षच्या चौथ्या घातातून १ वजा केला तर (क्ष − १), (क्ष + १) आणि (क्षचा वर्ग + १) असे तीन अवयव पडतात. क्षच्या जागी ६४० ठेवा. (क्ष + १) म्हणजे ६४१. तेव्हा ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा केल्यास येणाऱ्या संख्येलाही ६४१ ने भाग जातो. ही झाली दुसरी संख्या.

दोन्ही संख्यांना ६४१ ने भाग जातो, म्हणून त्यांच्या वजाबाकीलाही जातो. पहिलीतून दुसरी वजा करा. समान भाग उडून जातो आणि उरतो २ चा बत्तिसावा घात अधिक १, म्हणजेच ४,२९,४९,६७,२९७. झाली सिद्धता! आपल्या पाठ्यपुस्तकातील अवयवांच्या सूत्रापलीकडे यात काहीही नाही.

आता ६७,००,४१७ पाहू. तिचे वर्गमूळ २,५८९ पेक्षा कमी आहे. ऑयलरच्या नियमाप्रमाणे ६४ ने भागून १ बाकी राहणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या. पहिल्या चार बाद झाल्याच आहेत. उरल्या सात. त्यांनी भागून काय बाकी राहते ते सांगतो, घरी पडताळून पाहा. ६४१ ने ४४, ७६९ ने १२०, १,१५३ ने ३३४, १,२१७ ने ८३२, १,४०९ ने ६२२, १,६०१ ने २३२ आणि २,११३ ने ९४. एकानेही भाग निःशेष जात नाही, म्हणून ६७,००,४१७ ही मूळ संख्या आहे. एका संध्याकाळचे काम आहे. ज्याला भागाकार येतो त्याने हे सात भागाकार करावेत. मग ही गोष्ट कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या हाताने केल्यामुळे त्याला ठाऊक होईल.

तेव्हा आपल्या संख्येचे सात मूळ अवयव झाले :

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७

सातही वेगवेगळे. विभाजक तयार करताना प्रत्येक अवयव घ्यायचा की सोडायचा, एवढाच प्रश्न असतो. म्हणून तिचे एकूण विभाजक २ × २ × २ × २ × २ × २ × २ = १२८. आणि १२८ हीच पटाच्या आठव्या घरातल्या दाण्यांची संख्या आहे.

अर्ध्या पटाचे नवल

अर्ध्या पटाची संख्या, ४,२९,४९,६७,२९५, हिचेही एक नवल आहे. फक्त पट्टी आणि कंपास घेऊन कोणत्या सुसम बहुभुजाकृती काढता येतात, हा प्रश्न ग्रीकांच्या काळापासूनचा. तीन, पाच, पंधरा बाजूंच्या त्यांना येत होत्या. सतरा बाजूंची काढता येते हे १७९६ मध्ये गाऊस या अठरा वर्षांच्या जर्मन मुलाने दाखवले. पुढे असे सिद्ध झाले की, बाजूंची संख्या विषम असेल तर ती केवळ ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या जातीच्या मूळ संख्यांची, प्रत्येक एकदाच घेऊन केलेल्या गुणाकाराची असावी लागते. या जातीची सहावी मूळ संख्या आजतागायत सापडलेली नाही. म्हणून पट्टी-कंपासने काढता येणाऱ्या बहुभुजाकृतीच्या बाजूंची आज माहीत असलेली सर्वांत मोठी विषम संख्या या पाचांचा गुणाकार, म्हणजेच अर्ध्या पटावरच्या दाण्यांची संख्या होय.

या गाऊसचे वडील बागकाम, गवंडीकाम अशी मिळतील ती कामे करीत. आई फारशी शिकलेली नव्हती. शिक्षकांनी मुलाची हुशारी हेरली आणि तेथील ड्यूकने शिक्षणाचा खर्च उचलला. शिष्यवृत्ती निधीसाठी आपले पदाधिकारी दारोदार फिरतात तेव्हा हे उदाहरण सर्वांनी ध्यानात ठेवावे.

आजच्या व्यवहारात

हे सारे जुने झाले, आज याचा काय उपयोग, असे कोणी विचारील. पटाच्या प्रत्येक घरात दाणे आहेत ते तसेच ठेवा आणि हवी ती घरे निवडा. घरांची निवड करून कोणतीही पूर्ण संख्या तयार करता येते, आणि ती एकाच प्रकारे. १०० हवे असतील तर ६४, ३२ आणि ४ ची घरे. दुसरा मार्ग नाही. घर निवडले तर १, न निवडले तर ०. संगणक संख्या लिहितो त्या याच रीतीने. आज आपल्या खिशातल्या मोबाईलचा प्रोसेसर बहुधा ६४ बिटी असतो, म्हणजे त्याच्याजवळ एका संख्येसाठी चौसष्ट घरे असतात. सगळी घरे निवडली की जी सर्वांत मोठी संख्या लिहिता येते, ती म्हणजे आपली १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. इंटरनेटच्या जुन्या पत्त्यांना बत्तीसच घरे होती. त्यांतून सुमारे ४२९ कोटी पत्ते मिळत, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा २०११ मध्ये संपला.

दुसरा उपयोग थेट आपल्या घरच्या पैशाचा आहे. “तुम्ही दोन सभासद आणा, ते प्रत्येकी दोन आणतील, घरबसल्या पैसे मिळतील,” असे सांगणारी माणसे मोहल्ल्यात येतात, नातेवाइकांच्या ओळखीने येतात. परदेशात राबणाऱ्या मुलाने पाठवलेला पैसा, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेला पैसा अशा साखळीत जातो. अशा योजनांवर १९७८ सालीच आपल्या देशात कायद्याने बंदी आली, तरी नावे बदलून त्या येतच राहतात. ही साखळी म्हणजे बुद्धिबळाचा पटच आहे. एकतिसाव्या पायरीपर्यंत २१४ कोटी माणसे लागतात. एवढी आपल्या देशात नाहीत. तेहेतिसाव्या पायरीपर्यंत ८५८ कोटी लागतात. एवढी साऱ्या पृथ्वीवर नाहीत.

कोणी म्हणेल, “तेहेतीस पायऱ्या कोण चढतो? आपण आधीच बाहेर पडू.” त्याला अल-बिरूनींचा दुसरा नियम सांगा. शेवटच्या घरातले दाणे आधीच्या सर्व घरांच्या बेरजेपेक्षा एकाने जास्त असतात. याचा अर्थ असा की, साखळी दहाव्या पायरीला थांबो की विसाव्या, जे शेवटच्या रांगेत आहेत, ज्यांच्या खाली कोणीच नाही आणि ज्यांचे पैसे बुडणार आहेत, ते नेहमीच निम्म्याहून अधिक असतात. साखळीचा चालक प्रामाणिक आहे की नाही, हा प्रश्नच उरत नाही. दोष हिशेबातच आहे. हजार वर्षांपूर्वीचा हा एक नियम घरातल्या शाळकरी मुलीला समजला असेल, तर ती वडिलांची जन्माची कमाई वाचवू शकते. तिला गणित काय करायचे आहे, या प्रश्नाचे हे माझे उत्तर.

पालकांना विनंती

पालक बंधु-भगिनींनो, आपल्यापैकी काहींना शाळेचा लाभ मिळाला नाही, हे मी जाणतो. तरीही मुलाच्या गणिताला आपण मदत करू शकता. मूल उदाहरण सोडवून आले की “उत्तर किती आले?” एवढेच विचारून थांबू नका. “कसे आले, मला सांग बरे,” असे विचारा. आपल्याला स्वतःला ते येत नसले तरी बिघडत नाही. इब्न खल्लिकान यांनीही हिशेबनिसाला तेच विचारले होते. मूल सांगता सांगता अडखळले तर त्याचे त्यालाच कळेल की आपले कोठे कच्चे आहे. अम्मी तांदूळ निवडीत असेल तर तिने मुलीला शंभर दाणे मोजायला सांगावेत, दुकानाच्या काट्यावर त्यांचे वजन पाहावे, आणि किलोत किती दाणे येतील ते तिलाच काढू द्यावे. अब्बांनी हप्त्याने वस्तू घेताना मुलाला जवळ बसवावे आणि एकूण किती रुपये जास्त जातात ते त्याच्याकडून काढून घ्यावे. याला शिकवणीची फी लागत नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, “मला गणित येत नाही” हे वाक्य बोलायचेच असेल तर त्यात एक शब्द घाला : “मला हे गणित अजून येत नाही.” वीस अंकी संख्या एकदम कुणालाच पेलत नाही. अलेक्झांड्रियाच्या हिशेबनिसाने ती कदह, कोठी आणि शहर अशी वाटून घेतली. अल-बिरूनींनी तिला चार गुणाकारांत बसवले. ऑयलरने साडेसहा हजार भागाकारांऐवजी पाच केले. तिघांनीही तिच्यापुढे हात टेकले नाहीत आणि दुसऱ्याचे उत्तर डोळे मिटून स्वीकारले नाही. तुमच्या वहीतील उदाहरण यापेक्षा पुष्कळ लहान आहे.

त्या सात भागाकारांचे मात्र विसरू नका. ज्या विद्यार्थी-विद्यार्थिनी ते स्वतः करून बाक्या जुळवतील, त्यांनी आपली वही गणिताच्या शिक्षकांना अवश्य दाखवावी.